मगरीचं शेपूट

आकाराम आमच्या नाटक कंपनीतला. गजेंद्राच्या आख्यानात मगर लागायची, आणि मगर म्हणजे दोन माणसं: मुंडक्यात मी, शेपटात आकाराम. तीस वर्षं टाळ्या पडल्या, पण त्याचं तोंड एकाही प्रेक्षकानं पाहिलं नाही. पडदा पडला की विंगेत त्याची बायको चिमणाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. तेवढं त्याला पुरायचं.

तीन वर्षांमागं चिमणाबाई गेली आणि आकाराम कळंब्याच्या घरात शिरला तो शिरलाच. हाक मारावी, तर आतूनच, "जेवलोय." माझंही घर रिकामंच. त्याला माझ्याकडं राहायला आणायचं, एवढाच माझा हट्ट होता.

मुरगूडच्या शाळेतल्या वर्षाराणी बाईंनी पोरांना मगर आणि बिळात राहणारा उद यांतला फरक करून दाखवायला मला बोलावलं, तेव्हा निमित्त सापडलं. बाईंनी दिलेला माहितीचा कागद घेऊन मी कळंबा गाठलं आणि आकारामला वाचून दाखवू लागलो.

"मगर तासन्‌तास निपचित पडते, पिलं जबड्यात धरून पाण्यात नेते. चांदी अस्वल मात्र..."

"कागदावर काय हाय ते वाच की," आकाराम कागदात डोकावून म्हणाला.

कागदावर त्याच प्राण्याचं दुसरं नाव होतं, 'मसण्या उद'. रंगपटात 'मसण' शब्द काढायला आमच्यात बंदी. निघालाच तर बाहेर जाऊन चूळ भरायची. माझी जीभ अडली.

"गणपा, मसणात जाऊन आलोय मी. आता शब्दाला कशाला भ्यायचं?"

वाचलं. उद मढी उकरतो असं समजून लोक त्याला धोंडे मारतात. तो बिचारा उकरतो उंदरा-किड्यांसाठी. कातडं सैल, मानगूट धरली तरी आतल्या आत वळून चावतो. राहतो एकटा.

आकारामनं दंडाचं लोंबतं कातडं ओढून दाखवलं. "मला पोशाख नको. तू मगर, मी उद."

"आणि शेपूट?"

"वढ तुझं तू!"

शाळेत मी मुंडकं घालून, रिकामं शेपूट मागं टाकून निपचित पडलो. आकाराम उघड्या चेहऱ्यानं माती उकरत, फिसकारत गोल फिरला. पोरं किंचाळली. मुंडक्याच्या भोकातून मी त्याचं काम पहिल्यांदाच बघत होतो. काय काम केलं गड्यानं! टाळ्या पडल्या, आणि त्यानं सवयीनं विंगेकडं पाहिलं. तिथं फळा होता.

परतताना एस.टी.त म्हणालो, "आता चल माझ्याकडं."

"उद दुसऱ्याच्या बिळात ऱ्हात न्हाय, गणपा."

कळंब्याला उतरताना त्यानं शेपूट काखेत मारलं. "हे मात्र नेतो. मगर लागली तर हाक मार."

खिडकीतून मी बघत राहिलो. शेपटाचं टोक रस्त्यावर घासत चाललं होतं. मागून उचलून धरायला कोणी नव्हतं.