उत्तर पुढच्या वेळी

ती डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन आहे. पेशंट तिला प्रश्नपत्रिका म्हणतात. अगदी तोंडावर.

आम्ही एकाच इमारतीत वाढलो. ती माझ्याहून थोडी मोठी. साहित्यात एम. ए. करून मी घरी बसले होते, तेव्हा तिनेच मला इथल्या काउंटरवर चिकटवलं. पहिल्याच दिवशी म्हणाली, "कविता नंतर. आधी वजनं लिहून घे."

खोलीत पडदे अर्धे ओढलेले असतात. खुर्च्या मागे रेललेल्या. प्रत्येकाच्या हातातून लाल नळी निघते, मशीनमधून फिरून परत येते. पंपाची चकती गोल गोल फिरत राहते. तिच्याकडे बघता बघता डोळे जड होतात. माणसं धड झोपेत नसतात, धड जागी नसतात. घशाला कोरड, कारण पाणी मोजून प्यायचं असतं.

ती हातावरच्या फुगलेल्या शिरेवर दोन बोटं ठेवते. आत थरथर लागली की शीर ठीक आहे. मग सुई. आणि सुई टोचता टोचता प्रश्न. विषुववृत्त दोनदा ओलांडणारी नदी कोणती? फुलपाखराला चव कशाने कळते? आपण शोधलेल्या मूलद्रव्याला मायदेशाचं नाव देणारी शास्त्रज्ञ बाई कोण? कधी नुसता खेळ, उलट वाचला तरी तोच राहील असा शब्द सांगा.

सुईकडे कुणाचं लक्ष राहत नाही, हे मला लवकर कळलं. दुसरी गोष्ट कळायला वेळ लागला. उत्तर ती त्या दिवशी देतच नाही. "पुढच्या वेळी," म्हणते. मग प्रश्न खोलीभर तरंगत राहतो. कोपऱ्यातल्या मास्तरीणबाई कांगो म्हणतात, शेजारच्या खुर्चीतला टेलर ॲमेझॉनवर अडून बसतो. घरी जाऊन दोघंही नातवंडांचं डोकं खातात. आणि ठरल्या वारी, आपलंच बरोबर म्हणत, हजर.

हजर राहावं, म्हणून प्रश्न. हे लक्षात आलं तेव्हा मी हातातलं काम विसरून तिच्याकडे बघत राहिले. तुला सगळी उत्तरं येतात का, असं मी तिला विचारलं. अर्धी येत नाहीत, म्हणाली. "मलाही पुन्हा यावंसं वाटलं पाहिजे ना."

खिडकीजवळची खुर्ची क्रेनवाल्या काकांची. त्यांनी जन्मभर बंदरात क्रेन चालवली. उलटसुलट शब्द त्यांनीच सांगितला होता, जहाज.

एका गुरुवारी त्यांची सून काउंटरवर वाकून हळूच बोलली. बाबा म्हणतात, आजचं शेवटचं. डॉक्टर समजावून थकले होते, मुलाचं रडून झालं होतं. काकांचं एकच, पुरे झालं.

मी तिला सांगितलं. ती सरळ काकांपाशी गेली, शिरेवर बोटं ठेवली.

"काका, टोळाचे कान कुठे असतात?"

"आत्ताच सांग. सोमवारी मी नाही."

ती सांगणार नाही, असं मला वाटलं. धरून ठेवायला तिच्याकडे तेवढंच होतं. चिकटपट्टी हातात घेऊन ती क्षणभर तशीच उभी राहिली.

"पोटावर," ती म्हणाली. "पंखांखाली झाकलेले."

टेलरने मान वळवून पाहिलं.

काका डोळे मिटून हसले. म्हणजे भूक लागली की आधी त्यालाच ऐकू येत असणार, म्हणाले. खिडकीतला उजेड त्यांच्या पायांवरून हळूहळू सरकत गेला. चकती फिरत राहिली.

सुया काढून ती कापूस दाबत होती, तेव्हा ते बोलले.

"मला वाटलं, अडवशील."

"अडवलं असतं तर थांबला असता?"

"छे." मग म्हणाले, "बरं, आता माझा एक घे. क्रेनची केबिन, खाली समुद्र. शिडी चढून मी धापा टाकत पोचायचो, तर कुणीतरी आधीच येऊन बसलेलं. शिडी नाही, पंख नाहीत. कोण?"

मास्तरीणबाई मुंगी म्हणाल्या. टेलर म्हणाला, भूत. तिने पुष्कळ विचार केला आणि हात टेकले. सांगा म्हणाली.

"पुढच्या वेळी," काका सवयीने बोलून गेले. आणि थांबले. सुनेचा हात पिशवीच्या चेनवर तसाच राहिला.

सोमवारी तिने खिडकीजवळच्या खुर्चीवर सर्वांत आधी चादर घातली. मग उगाच दोनदा नीट केली.

काका आले. वजन जास्त भरलं. पाणी प्यायलात ना, म्हणून ती रागावली. ते खुर्चीत रेलले.

"कोळी," ते म्हणाले. "एवढंसं पिल्लू. धागा हवेत सोडतं आणि वारा नेईल तिकडे जातं. दार उघडलं की माझ्या तोंडाला धागा लागायचा."

"कोळी कीटक नाही, काका. पाय आठ असतात."

"मी कुठे कीटक म्हटलं?"

तिने शिरेवर बोटं ठेवली. काकांनी डोळे मिटले.

"आज कुणाची पाळी?" त्यांनी विचारलं. "तुझी की माझी?"