बदलांसह जतन

मला मोडी येत नाही आणि संगणकही फारसा येत नाही. पहिली गोष्ट मी सगळ्यांना सांगत असे, दुसरी मात्र माझी मलाच ठाऊक नव्हती. मुरारच्या ज्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवते, तिथे निकालपत्रकं भरायचं काम वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात पडतं. त्यामुळे या यंत्राशी आपली बऱ्यापैकी ओळख आहे, अशी माझी समजूत होऊन बसली होती.

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या चुलतभावाने मेलवर एक दुवा पाठवला. माझ्या पणजोबांची, म्हणजे बाबांच्या आजोबांची, रोजनिशी काकांबरोबर पुण्याला गेली होती. तिची पानं त्याने मोबाइलवर टिपून एका फाइलीत घातली होती. पहिल्या पानावर त्याचा अंगठाही आला होता. पणजोबा इथल्या संस्थानाच्या दरबारात तंबू आणि गालिचे सांभाळणाऱ्या खात्यात कारकून होते आणि रोजचं सगळं मोडीत लिहीत. त्यांनीच बाबांना लहानपणी मोडी शिकवली, अक्षर चुकलं की बोटांवर पट्टी मारून. बाबा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत आणि थाटीपुरातल्या क्वार्टरात माझ्याजवळ असतात. उजवा डोळा केव्हाच गेलाय. डाव्याच्या पडद्याला सूज होती आणि त्यात दर महिन्याला इंजेक्शन चालू होतं.

कागदावर त्यांना काहीच वाचता आलं नसतं. पण ब्राउझरमध्ये पान उघडलं की अक्षर हवं तेवढं मोठं करता येई. मी ते इतकं मोठं करायचे की पडद्यावर जेमतेम दोन ओळी मावत. बाबा नाक पडद्याला टेकेल इतके पुढे वाकायचे आणि मान तिरकी करून डोळ्याच्या कडेने वाचायचे.

"बेटा, खिडकी लाव. उजेड येऊन राहिलाय."

"लावली, बाबा."

"आता थोडं आगे सरकव. जल्दी नको करूस."

शाळेतून तीनला आले की चहा आणि मग वाचन. ते बोलायचे, मी टंकायचे. त्या पानावरच मजकूर लिहायची सोय ब्राउझरमध्ये होती, ती मला सापडली आणि मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. मोडीच्या ओळीखाली निळ्या अक्षरात आपली बाळबोध ओळ. 'मोठ्या तंबूचे कापड उंदरांनी खाल्ले, कोणास सांगावे.' 'हत्तीने गालिचा खराब केला, धुण्यास तीन माणसे लागली.' बाबा हसून हसून खोकायचे आणि आजोबांच्या नकला करायचे. त्याही मी कडेला लिहून ठेवायचे.

संध्याकाळी मी लॅपटॉप नुसता मिटायचे. दुसऱ्या दिवशी उघडला की पान तिथेच, निळी अक्षरं तिथेच. मला वाटे, राहतंय की सगळं. जतन करायचं असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. निकालपत्रक मी दर पाच मिनिटांनी जतन करते. पण जे डोळ्यांना रोज दिसतंय ते ठेवलेलं नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बाबांना मात्र एकच पान हवं होतं. त्यांची आई ते तीन वर्षांचे असताना गेली. तिचा फोटो नाही आणि आठवणही नाही. घरात तिच्याबद्दल कुणी बोलत नसे, कारण दुसरी आई लगेच आली आणि ती चांगली होती. आजोबांनी त्या दिवसाचं काहीतरी लिहिलं असेल, या आशेवर ते उंदीर आणि हत्ती वाचत पुढे चालले होते.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, ते पान आलं. बाबांनी ओळ दोनदा तपासली आणि मग मला सांगितली. 'मुक्कामावर घरून निरोप आला. सूनबाई वारल्या. उद्या निघणे. मोठ्या तंबूचे दोर बदलावेत.'

"बस?" मी विचारलं.

"बस." त्यांनी चष्मा काढला. "ते घरी नव्हतेच ना. त्यांना काय दिसणार."

त्या दिवशी त्यांनी पुढे वाचलं नाही. चहा केला होता तो तसाच गार झाला. मला पणजोबांचा इतका राग आला की मेलेल्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं.

शनिवारी लॅपटॉप उघडला तर ब्राउझरने स्वतःला अद्ययावत करून घेतलं होतं. परवानगी विचारली असेल आणि मीच कुठेतरी 'ठीक आहे' दाबलं असेल. पान पुन्हा उघडलं. मोडी होती, चुलतभावाचा अंगठा होता आणि निळं एकही अक्षर नव्हतं. मी डाउनलोडच्या फोल्डरात शोधलं. तिथे कंसात एकापासून आकडे लावलेल्या सात प्रती होत्या, कारण पहिल्या दिवशी दुवा उघडताना मी डाउनलोडही पुन्हापुन्हा दाबलं होतं. साती कोऱ्या. मी त्या परत परत उघडल्या, जणू आठव्यांदा उघडल्यावर त्यातल्या एखादीला दया येणार होती.

मुरारमध्ये संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे गेले. दुकानदाराने लॅपटॉपात इकडे तिकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "मैडम, आपने खोला था, रखा नहीं था. जो रखा ही नहीं, वो निकालूँ कहाँ से?" त्याने काही घेतलं नाही. मी रिक्षात बसून रडले. वर्गात मुलं प्रयोगवही विसरून आली की मी त्यांना बाकावर उभं करते. मला कोण उभं करणार होतं?

बाबांना सांगायला मला धीर होईना. रोज एक बहाणा. आज शाळेत बैठक आहे, आज लॅपटॉप चार्ज नाही. तेही फारसे मागे लागले नाहीत. दाराच्या चौकटीची उभी रेघ वाकडी दिसते असं ते म्हणायला लागले होते. नंतर एका सकाळी ते मला चहाचा कप कुठे ठेवलाय विचारू लागले आणि कप त्यांच्या समोरच होता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की आता मधलं काही दिसणार नाही, इंजेक्शनाचा उपयोग संपला. घरी येताना रिक्षात मी बाबांचा हात धरून बसले होते.

त्या दुपारी मी सांगून टाकलं.

"सगळं गेलं?"

"सगळं. माझ्याकडून ठेवायचं राहिलं."

त्यांनी चाचपडत खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "मग परत वाचू या. आण ते."

नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि फाइल उघडली. ते पान शोधायचं म्हणून खाली सरकवणार, तेवढ्यात ते नेहमीसारखे पुढे वाकले आणि मान तिरकी करून वाचायला लागले. पडद्यावर पहिलंच पान होतं, अंगठ्यासकट.

"लिही. 'मुक्कामावर घरून निरोप आला. सूनबाई वारल्या.' लिहिलंस?"

"हो."

"'जाण्याआधी त्यांनी पोरास जवळ घेतले. त्याच्या तोंडावरून हात फिरवला. पोर रडले नाही.'" ते थांबले. बोट पडद्यावर ठेवून त्यांनी ओळ चाचपल्यासारखी केली. "'उद्या निघणे.' बस."

पणजोबा घरी नव्हते. हे मला बाबांनीच सांगितलं होतं. आपण काय करतोय हे त्यांना कळत होतं का, ते मला आजही माहीत नाही, आणि विचारायचं धाडस तर मुळीच नाही. मी निळ्या अक्षरात सगळं लिहिलं, पहिल्या पानाच्या समासात, जागा होती तिथे. तंबूचे दोर त्यांनी सांगितले नाहीत म्हणून मीही लिहिले नाहीत. या वेळी जतन करायचं बटण शोधून दाबलं. ब्राउझरने विचारलं, मूळ प्रत हवी की तुमच्या बदलांसह? माझा हात बटणावरच थांबला.

"राहिलं का आता?" बाबांनी विचारलं.

मी बदलांसह दाबलं. "राहिलं."

मागच्या महिन्यात चुलतभावाचा निरोप आला. पुण्यात मोडी वाचणारे एक गृहस्थ आहेत, ते पूर्ण रोजनिशी वाचून देतील, एकही शब्द इकडचा तिकडे होणार नाही, फाइल पाठवू का त्यांना? तो भला माणूस आहे. त्याला काय लिहावं हे मला सुचत नाही आणि निरोप तसाच पडून आहे.

चहा झाला की बाबा रोज म्हणतात, ते पान वाच. मी फाइल उघडते आणि समासातल्या ओळी वाचून दाखवते. दर वेळी त्याच जागी ते मला थांबवतात.

"जवळ घेतलं होतं तिनं मला. लिहिलंय ना तिथे?"

"हो, बाबा. लिहिलंय."