दोन कंपन्यांचे हिरो आणि आण्णांची शिवण

आमच्या घरात मैदा कायम असायचा, पण तो खायचा नसायचा. आण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीत बुक बाइंडर होते. मैद्याची खळ करायची आणि तिला कसर लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायचं. मोरचूद म्हणजे विष. महिनाअखेरीला घरातलं पीठ संपलं की आई त्या मैद्याच्या डब्याकडे बघायची आणि घाईघाईने मोरचूद कालवून टाकायची. मोह नको म्हणून. दोन खोल्या होत्या. मोठ्या खोलीत कटिंगचं यंत्र आणि लहान खोलीत आम्ही पाच माणसं. "ते कमावतं, तुम्ही खाता," आण्णा हसत म्हणायचे. बारावीनंतर माझं शिक्षण थांबलं ते त्याच यंत्रापाशी. मी हुशार होते. हे सांगायला मी लाजणार नाही.

काम यायचं गावातल्या लायब्ररीचं, भाड्याने पुस्तकं देणाऱ्या. नव्वदच्या दशकात तिच्याकडे रद्दीतून परदेशी कॉमिक्स यायची. पातळ अंक चार हातांत गेला की फाटायचा, म्हणून आठ-दहा अंक एकत्र शिवून जाड पुठ्ठा घालायचा. आण्णांना इंग्रजी येत नव्हतं. ते अंक आकाराने लावायचे. कुठला हिरो कुठल्या कंपनीचा याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. मी डिक्शनरी घेऊन वाचायला बसायचे. एका पानावर झगा घातलेला माणूस इमारतीवरून उडी मारायचा आणि पुढच्या पानावर दुसराच कोणीतरी भिंतीवर चढत असायचा. मी समजायचे, याने त्याला मदतीला बोलावलं असणार. माझं इंग्रजी असं झालं.

आता मी नॉटिंगहॅमला आहे. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, आणि मी हॉस्पिटलमध्ये वॉर्ड क्लार्क. चाळिशी ओलांडल्यावर मी पार्टटाइम बी.ए.ला नाव घातलं. सहा वर्षं. शेवटी राहिलं डिझर्टेशन, म्हणजे छोटा प्रबंध. ते पास झालं तर डिग्री, नाहीतर सहा वर्षं पाण्यात.

विषय मी हट्टाने घेतला: नव्वदच्या दशकातला तो मोठा क्रॉसओव्हर, ज्यात दोन हाडवैरी कंपन्यांचे सुपरहिरो एकमेकांशी लढले. काही लढतींचा निकाल तर वाचकांच्या मतांवर लागला होता. माझे डिझर्टेशनचे सुपरवायझर त्या वेळी शाळेत होते. इथे प्राध्यापकांना नावाने हाक मारतात. त्यांनी मला चारदा तसं सांगितलं आणि मी चारही वेळा "येस सर" म्हणाले.

पहिला मसुदा वाचून ते म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण हे कुणीही लिहिलं असतं. तू कुठे आहेस यात?" मग कपाटातून त्यांनी स्वतःचे लहानपणचे चार अंक काढून दिले. "मूळ अंक हातात घेऊन वाच. स्क्रीनवर मजा नाही."

मी अंक घरी आणले. स्टेपलांना गंज, कडा दुमडलेल्या. माझा जीव कळवळला. घेतलेलं पुस्तक परत देताना ते आलं तसं द्यायचं नाही, धड करून द्यायचं, ही आमच्या घरची रीत. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल मोकळं केलं. स्टेपल काढले, दाभणाने भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्याने चारही अंक एकत्र शिवले. कडा धारदार कटरने सरळ कापल्या. निळं कापड, सोनेरी अक्षरं. आण्णांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं.

"दोरा मेणवलास का गं?"

"मेणवला, आण्णा."

"मग शंभर वर्षं बघायला नको. मास्तर खूश होईल तुझा."

मंगळवारी मी ते पुस्तक सरांपुढे ठेवलं. त्यांनी उघडलं. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"राइट," ते म्हणाले. पुन्हा, "राइट." आणि मग अगदी हळू, "शिवण फार सुंदर आहे."

घरी येऊन मी हे मुलीला सांगितलं, तर ती खुर्चीतून उठलीच. "आई! तू कापलंस? लोक ती कॉमिक्स प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात, हात पण नाही लावत!"

"मग वाचतात कधी?"

"वाचत नाहीत! मम्, दॅट वॉज हिज चाइल्डहूड!"

नवरा म्हणाला, "मार्क सरच देणार ना गं तुला?" डिग्री तर गेलीच असं वाटलं, पण त्याहून वाईट वाटलं ते त्यांच्या त्या "सुंदर"चं.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून मी युनिफॉर्ममध्येच त्यांच्या ऑफिसात गेले. माफी मागितली आणि कारणही सांगितलं. सांगली, आण्णा, आकाराने लावलेले अंक, सगळं.

त्यांनी मला मध्येच थांबवलं. "एक मिनिट. दोन्ही कंपन्यांचे अंक एकाच पुस्तकात?"

"हो. उंची सारखी ना त्यांची."

"मग हा क्रॉसओव्हर आला तेव्हा तुला काय वाटलं?"

"सर, खरं सांगू? मला कळेचना एवढा गाजावाजा कशाचा. आमच्याकडे ते कधीचेच भेटले होते. तुमच्याकडे भेटले नव्हते याचंच मला नवल वाटलं."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मोठ्याने हसले. मग म्हणाले, "हे तू डिझर्टेशनमध्ये का लिहिलं नाहीस?"

का लिहिलं नाही? कारण बाइंडरच्या घरात काय व्हायचं ते युनिव्हर्सिटीत सांगायचं असतं, हे मला माहीतच नव्हतं. तिथे फक्त मोठ्या लोकांची मतं लिहायची, असं मी धरून चालले होते. सबमिशनला तीन आठवडे उरले होते. जुना मसुदा मी बाजूला टाकला. वॉर्डवरच्या मुलींनी शिफ्ट बदलून दिल्या. नवऱ्याने स्वयंपाक केला आणि तो आम्ही खाल्ला, हेही कमी नाही. मी लिहिलं की दोन कंपन्यांमधली भिंत मुखपृष्ठावर असते, आणि आमच्या भागात ती भिंत बाइंडर पाडत होते, एकही कॉमिक न वाचता. लायब्ररीचे जुने वाचक फोनवर गाठले. त्यातल्या दोघांनी सांगितलं, "आम्हीही एकच गोष्ट समजायचो की!"

सरांनी मला पूर्ण माफ केलं असं म्हणणार नाही. नंतर एक पुस्तक देताना ते म्हणाले, "फक्त वाच हं. सुधारू नकोस."

जून महिन्यात निकाल लागला. डिझर्टेशनला फर्स्ट क्लास मिळाला, एकूण डिग्रीला टू-वन, म्हणजे त्याच्या लगेच खालचा वर्ग. आण्णांच्या घराण्यात आजवर कुणी कॉलेज पूर्ण केलं नव्हतं. मी केलं. मी बी.ए. ऑनर्स आहे.