पडद्याबाहेर मी बोलले ते

“लगीन झालं का सोडंल ती नोकरी,” मी पाहुण्यांना म्हटलं, आणि पडद्याआडून नातीच्या साहेबाचा आवाज आला, “तू नोकरी सोडते आहेस? आम्हाला सांगितलं नाहीस.”

आमच्या कुंभिवलीच्या घरात दोनच खोल्या, मध्ये पडदा. आत नात कॉम्प्युटरवर मीटिंगला बसली होती. बाहेर तिला बघायला कशेळ्याकडचे पाहुणे आले होते. पाचनंतर या म्हटलं होतं, ते चारलाच आले. मुलाच्या आईने विचारलं, “एवढा वेळ कोनाशी बोलते?” त्यावर मी ते बोलले. कोणी मला बोलायला लावलं नव्हतं.

मी चौथी शिकलेली. नातीचं काम तिनेच मला सांगितलेलं तेवढंच कळतं. तिची कंपनी लोकांच्या फायली दूरच्या कॉम्प्युटरवर सांभाळते. प्रत्येक फायलीला एक नाव असतं. ती त्याला ‘की’ म्हणते. फायली पुसायच्या तर आधी एकेक नाव पाठवावं लागायचं. नातीने असं केलं, की सगळी नावं एकदम पाठवायची आणि कुठली पुसली, कुठली राहिली ते नावानिशी परत कळायचं.

“त्यात काय एवढं?” मी एकदा म्हटलं होतं.

“आजी, निम्म्या पुसल्या नि निम्म्या राह्यल्या, आनि आपन समजलो सगळ्या गेल्या, तर गं?”

त्या दिवशी ती हेच साहेबांना दाखवत होती. काम पसंत पडलं तर पुढचा भागही तिलाच मिळणार होता. सकाळीच तिने बजावलं होतं, “माझं होईपर्यंत कोनाला घरात घेऊ नको.” दारात आलेल्यांना बाहेर कसं उभं करायचं, म्हणून मी घेतलं.

साहेबाने विचारल्यावर ती म्हणाली, “नाही सर. आजी बोलली ते. मी काही ठरवलेलं नाही. पुढचं दाखवते.” मग तिने शेवटपर्यंत दाखवलं. एक फाईल पुसली गेली नाही, तेही तिच्या कामाने बरोबर सांगितलं. कोणीतरी “छान” म्हणालं.

मुलाची आई उठली. “आजी, तुमी सांगता एक, पोरगी सांगते एक. आदी घरात ठरवा, मग आमाला बोलवा.” पोहे तसेच राहिले.

मी नातीला म्हटलं, “तुझ्या सायबाशी मी बोलते.”

“नको. तू बोललीस तेवढं पुरे झालं.”

सोमवारी कामाचा पुढचा भाग कंपनीतल्या दुसऱ्या मुलाला दिला. साहेब म्हणाले, “मध्येच गेलीस तर काम अडायला नको.” तिने मला हे सांगितलं, आणि जेवायला वाढायला घेतलं.

तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. शेजारणी विचारतात, स्थळाचं काय झालं? मी म्हणते, जमलं नाय.

माझं काही गेलं नाही. काम गेलं ते तिचं.