संथेच्या चालीत इंग्रजी

माझ्या गुरूंनी मला संथा दिली ती पंचगंगेच्या काठावरील एका लहानशा पाठशाळेत. गुरूंनी एकदा म्हणावे, शिष्यांनी दोनदा. श्वास कोठे घ्यावा, शेवटचा स्वर किती लांबवावा, हे सारे ठरलेले. पुस्तक उघडण्याची मुभा नव्हती. त्या पद्धतीवर माझे उभे आयुष्य चालले आणि त्याच पद्धतीने मी माझा विषय बुडवला. इतरांना दोष देण्याचा मोह मला पुष्कळदा होतो. म्हणून आधीच हे लिहून टाकतो.

गारगोटीच्या एका शाळेत मी संस्कृत शिकवीत असे. आठवीत जाताना मुलांनी संस्कृत घ्यावयाचे की नाही, ते ठरवायचे. माझ्या निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना आठवीच्या तुकडीत अकरा मुले बसली होती. पुढच्या वर्षी वीस तरी नावे आली नाहीत, तर तुकडी बंद होईल, असे व्यवस्थापनाने कळवले. मुख्याध्यापक माझ्याहून वयाने बरेच लहान. त्यांनी मला बाजूला घेतले.

"गुरुजी, सातवीच्या इंग्रजीला माणूस न्हाय. तेवढं तुम्ही धरा की. पोरं तुमच्या हाताखाली आली म्हणजे पुढं संस्कृतला आपसूक येतील."

मला ते पटले. संस्कृतसाठी मी इंग्रजी हाती घेतले.

सातवीची मुले अडली होती ती संख्या आणि परिमाण दाखवणाऱ्या शब्दांवर. मोजता येते त्याला मेनी आणि फ्यू, मोजता येत नाही त्याला मच आणि लिटल. आमच्या संस्कृतात 'बहु' हा एकच शब्द माणसांनाही चालतो आणि पाण्यालाही. इंग्रजी मात्र आधी विचारते, वस्तू मोजता येते काय? मी फळ्यावर दोन रकाने पाडले आणि दूध न मोजता येणाऱ्यांच्या रकान्यात लिहिले. पहिल्या बाकावरची एक मुलगी ताडकन उभी राहिली. तिचे वडील गावच्या दूध संस्थेत रोज सकाळी दूध घालत.

"गुरुजी, हे चुकलंय. आमच्या संस्थेत रोज मोजत्यात की दूध! न्हाय मोजलं तर बाबा भांडत्यात."

सारा वर्ग हसला. "तुझे बाबा लिटर मोजून घेतात," मी म्हणालो. "दूध आपले वाहतेच."

"मग लिटरला मेनी आणि दुधाला मच?"

"अगदी बरोबर."

"आणि म्हशीला?"

"म्हशीला मेनी."

"आमच्याकडं दोनच हायत," ती म्हणाली आणि खाली बसली. इतकी चोख विचारणारी मुलगी मला कित्येक वर्षांत भेटली नव्हती. ही संस्कृत घेईल, असे मी मनाशी धरून चाललो.

नियम समजावून मुलांच्या गळी उतरेनात, तेव्हा मी मला येत होते ते केले. संथा दिली. मेनी बुक्स, मेनी ट्रीज, मेनी बफेलोज. मच वॉटर, मच राइस, मच मिल्क. शब्दरूपांच्या चालीवर, त्याच विसाव्यांसह. मी एकदा, मुलांनी दोनदा. आठवड्याभरात वर्गात एकही मूल चुकेना. त्या दिवसांत मला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. गुरूंची चाल कोवळ्या कंठांतून पुन्हा उमटत होती आणि ती कोणत्या शब्दांवर उमटते आहे, याकडे मी कानाडोळा केला.

जानेवारीत पालकांची सभा भरली. मुख्याध्यापकांनी सातवीला उभे करून ते पाठांतर म्हणवून घेतले. टाळ्या थांबेनात. त्या मुलीचे वडील मागून ओरडले, "नाद न्हाय करायचा गुरुजींचा!"

हीच वेळ, असे मला वाटले. मी उभा राहिलो आणि म्हणालो की ही चाल संस्कृतची आहे. ज्या विद्येची केवळ पद्धत इतके देते, ती विद्याच मुलांनी आठवीत घ्यावी.

"व्हय की गुरुजी," तेच गृहस्थ म्हणाले. "पण चाल आली न्हवं पोरांस्नी? मग आता संस्कृत घिऊन काय करायचं?"

हशा पिकला. त्यात कुचेष्टा नव्हती, हे अधिक लागले. एक बाई म्हणाल्या, "त्यापरास आठवीला इंग्रजीचा जादा तास गुरुजींनाच द्या." मुख्याध्यापकांनी ते लिहून घेतले.

एप्रिलमध्ये अर्ज आले. संस्कृतला सात. त्या मुलीचा अर्ज त्यांत नव्हता. ती स्वतःच मला भेटायला आली. डोळे वर करीना.

"मी घेणार होते गुरुजी. पण बाबा म्हणाले, गुरुजी आता इंग्रजीच शिकवणार हायत. तेच शीक त्यांच्यापाशी."

मुख्याध्यापक तेवढे म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. तुमचा एक तास कमी होणार न्हाय." आणि खरोखरच झाला नाही. संस्कृतची तुकडी बंद झाली आणि उरलेले वर्ष मी सातवी-आठवीला केवळ इंग्रजी शिकवले. शुक्रवारी अंबाबाईच्या दर्शनाला जात असे. स्तोत्र म्हणू लागलो की मध्येच मेनी बुक्सचा विसावा येई आणि मी ओठ मिटून नुसता हात जोडीत असे.

परवा निवृत्तिवेतनाच्या कागदावर सही आणावी म्हणून एसटीने गारगोटीला गेलो. मुख्याध्यापक वर्गावर होते. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. सातवीतून मेनी बुक्सचा आवाज येत होता. शिकवणाऱ्या बाई मला ओळखीत नाहीत. त्यांना ती चाल कोणी दिली, कोणास ठाऊक. मुले दोनदा म्हणत होती. शेवटचा स्वर बरोबर लांबवत होती. मधल्या ओळीत मात्र श्वास चुकीच्या ठिकाणी तुटत होता. माझ्या गुरूंनी त्यासाठी आम्हाला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावले असते.

माझा हात सवयीने वर गेला. नव्या शिपायाला वाटले, मी त्याला बोलावले.

"काय पायजे, पावणं?" त्याने विचारले.

"सही," मी म्हणालो आणि कागद पुढे केला.