न्हाई घावली, म्हंजी माझीच

“न्हाई ना घावली? मंग माझीच,” असं म्हणून बुवा हेडफोन काढायचे, आणि हेडफोनबरोबर त्यांची टोपीही निघायची. हेडफोन टोपीच्या वर घालावा की खाली, हा प्रश्न आमच्या जुन्नरच्या सायबर कॅफेत शेवटपर्यंत सुटला नाही.

कॅफे माझा होता. शेतीत माझं डोकं चालत नाही हे घरच्यांनी एकमताने ठरवल्यावर मी तीन कॉम्प्युटर टाकून बसलो. त्यातला एक चालायचा, दुसरा चालता चालता थांबायचा, आणि तिसरा दुकान भरलेलं दिसावं म्हणून होता. तिसऱ्यात आणि तुमच्यात फरक काय, असं बायको विचारायची. माणसं यायची ती परीक्षेचे निकाल बघायला. भजनाची चाल शोधायला आलेलं गिऱ्हाईक एकच.

बुवा आमच्याच गावचे, डिंगोऱ्याचे, तिथल्या भजनी मंडळाचे म्होरके. तुम्ही कधी गावच्या सप्ताहाला बसला असाल तर ठाऊक असेल, निम्मे अभंग पिक्चरच्या चालीवर असतात. डोळे मिटून ऐकणाऱ्याला पांडुरंग दिसतो आणि उघडे ठेवणाऱ्याला हिरॉईन. बुवांना याचा भयंकर तिटकारा. त्यापायी त्यांनी सख्ख्या पुतण्याला मंडळातून काढलं होतं. त्यांची स्वतःची एक चाल होती, स्वतः बसवलेली. ती ऐकायला आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं यायची.

आणि लोणीच्या सप्ताहात त्यांच्याच व्याह्यांनी घात केला. व्याही तिथल्या मंडळात पेटी वाजवायचे. बुवांचं भजन संपल्यावर ते भर मांडवात म्हणाले, “पावणं, चाल झ्याक हाये. पन पिक्चरची हाये. एक बाई व्हडीत बसून म्हनती.” पिक्चरचं नाव त्यांना आठवत नव्हतं, पण मांडव हसायचा तो हसला. लेक दिलेलं घर, उलट बोलायची सोय नाही. बुवा पंगतीला न बसता निघाले आणि दुसऱ्या दिवशी थेट माझ्याकडे आले.

त्यांची मागणी साधी होती. तशी चाल जगात दुसरी कुठंही नाही, हे मी मशीनवर दाखवायचं. लोक माझ्याकडे काहीतरी सापडावं म्हणून येत, हा माणूस सापडू नये म्हणून यायचा. मला तर असं गिऱ्हाईक वरदानच होतं. न सापडवण्यात तालुक्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यांनी खुर्चीवर मांडी घातली, पिशवीतून टाळ काढले आणि पडद्याला चाल म्हणून दाखवली. मी म्हटलं, बुवा, त्याला ऐकू येत नाही. तर म्हणाले, “खोडदच्या दुर्बिणीच्या त्या छत्र्यांना आभाळातलं ऐकू येतंय, आन् तुझ्या डब्याला हितलं न्हाई?” मग मी माझ्या इंग्रजीत जुनं गाणं, होडी, बाई असं काहीतरी टाकलं. आधी आले होड्या विकणारे. मग आल्या बाया. बुवांनी डोळे घट्ट मिटले, पण हेडफोन काही काढला नाही.

दर आठवडे बाजाराला हा कार्यक्रम. गाणं थेंबाथेंबाने उतरायचं. निम्म्यात लाईट गेली की तो कौल बुवा आपल्या बाजूने धरायचे. होडीतल्या बाया एकेक करून बाद होत गेल्या. मधूनच एखादी त्यांना आवडून जायची. “हिचं न्हाई जुळत माझ्याशी. पन पुना एकदा लाव. खात्री करू.” काही काही बायांची खात्री चार चार बाजार चालायची. अशात गावाकडचं कुणी दारात दिसलं, की बुवा मोठ्याने विचारायचे, “टोमॅटोचा भाव काय दावतंय रं?”

अशी काही वर्षं गेली. मग व्हिडिओ दाखवणाऱ्या साइट आल्या, लोक कुठकुठली जुनी गाणी तिथं चढवायला लागले, आणि एका बाजारी ती बाई आली. काळी-पांढरी, होडीत बसलेली. पहिल्या ओळीतच मला कळलं. बुवांकडे बघितलं, तर त्यांचे डोळे उघडे होते.

गाणं संपल्यावर त्यांनी पुन्हा लाव अशी बोटाने खूण केली. खात्री करू म्हणाले नाहीत.

मग हेडफोन मांडीवर घेऊन बसले. लहानपणी जत्रेत तंबूतला पिक्चर यायचा, वडील त्यांना खांद्यावर बसवून न्यायचे. “मला एकबी पिक्चर आठवत न्हाई,” बुवा म्हणाले. “मी झोपायचो. जाग यायची ती घरी.”

मला सुचलं ते मी बोललो. “बुवा, पुसून टाकतो हे.”

“इंटरनेटवरनं?”

“हो.”

मला माझ्या कीबोर्डवरची धूळ पुसणं होत नव्हतं. पण त्यांनी मान डोलावली असती, तर काय केलं असतं कोण जाणे. बुवांनी पडद्यावरच्या बाईकडे पाहिलं.

“नको. लई जीव लावून म्हनलंय तिनं. ऱ्हाऊ दे.” दारापर्यंत जाऊन ते थांबले. “पन आंतऱ्याला ती खाली येती. मी वर जातो.”

त्या साली लोणीच्या सप्ताहाला मीही गेलो. पखवाजावर पुतण्या होता, त्याला बुवांनी घरी जाऊन परत आणलं होतं. चाल धरण्याआधी बुवा उभे राहिले आणि म्हणाले, “ही चाल माझी न्हवं. पिक्चरचीच हाये. पावणं बरूबर बोलले व्हते.”

मी व्याह्यांकडे बघत होतो. एवढ्या वर्षांनी खटला जिंकलेला माणूस कसा दिसतो, ते मला बघायचं होतं. ते पेटीचा भाता सोडत म्हणाले, “बसा पावणं, म्हना. पांडुरंग कुठं पिक्चर बघाया जातो?”

माझा कॅफे आधी बंद पडला, बुवा नंतर गेले. त्यांच्या दशक्रियेला नदीवर व्याह्यांनी पेटी पुढे ओढली आणि तीच चाल धरली. ते काही गाणारे नव्हेत, आणि होडीतल्या बाईचं गाणं त्यांच्या बोटांत तरुणपणापासून बसलेलं. अंतरा जवळ आला तसा मी, पुतण्या, सगळं मंडळ त्यांच्या तोंडाकडे बघायला लागलं. खाली यायची सोपी वाट समोर होती. व्याह्यांनी डोळे मिटले आणि वर गेले. आवाज फाटला. तरी वरच गेले.