थांबलेला पट्टा

बिस्किटांच्या कारखान्यात मी हेल्पर आहे. पट्ट्यावरून येणारे पुडे खोक्यात भरायचे, एवढंच माझं काम. पॅकिंगचं मशीन सुनंदाताई चालवतात. त्या जागेवरून उठल्या की पट्टा थांबतो. सकाळपासून चाललेली खडखड एकदम गप्प होते आणि सगळ्या बायका माना वर करून बघतात. सुपरवायझरसुद्धा.

त्या शांततेवर मी जळते. मी उठले तर काय होतं? शेजारची बाई जरा सरकते आणि माझेही पुडे भरायला लागते. पट्टा चालूच. आपण जागेवर नाही हे कुणाला तरी ऐकू यावं, एवढंही आपल्या वाट्याला नसावं?

काल जेवणाच्या सुट्टीत ताई म्हणाल्या, "तुझं बरं आहे गं. हवं तेव्हा उठता येतं. मी उठले की साहेब ओरडतात. म्हणून कामावर पाणीच पीत नाही मी."

मी माझी बाटली पुढे केली. त्यांनी जेमतेम दोन घोट घेतले आणि झाकण लावलं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मला त्यांच्या तहानेचासुद्धा हेवा वाटला.